कल्पनारम्य कादंबरी आणि परकी सत्ता : गोव्यातून मराठीत लिहिणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंड्याला आम्ही काही लिहिणारी-वाचणारी माणसं महिन्यातून एकदा बसतो आणि एकमेकांची हस्तलिखितं वाचतो. गेल्या काही वर्षांत तरुण मंडळी फॅन्टसी घेऊन येऊ लागली आहेत. बहुतेकांच्या कथेत समुद्रापलीकडून आलेली एक सत्ता असते. गोव्यात वाढलेल्या माणसाला ती सुचणारच. त्या बैठकांत पुन्हा पुन्हा निघणारे प्रश्न आणि त्यांवरची माझी मतं इथे आहेत.

वसाहतवादावर लिहायचं तर सरळ ऐतिहासिक कादंबरी लिहावी. फॅन्टसी कशाला?

ऐतिहासिक कादंबरी जरूर लिहावी. महाबळेश्वर सैल यांची 'तांडव' वाचलेल्याला तिची ताकद वेगळी सांगायला नको. पण ऐतिहासिक कादंबरीला कागदाचा आधार लागतो, आणि आपल्याकडचा कागद कुणी लिहिला याचा विचार करा. गोव्यातलं इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाचा तपास करून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, १५६० ला सुरू झालं आणि मधली थोडी वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चाललं. त्याची बहुतेक दप्तरं नष्ट झाली. मंदिरांच्या जमिनी कुणाच्या नावावर गेल्या, कुठल्या गावात किती बाप्तिस्मे झाले, हे जेत्यांच्या टाकानं लिहिलेलं सापडतं. रात्री मूर्ती पदराखाली घेऊन होडीत बसलेल्या बाईच्या मनात काय चाललं होतं, ते कुठल्याच दप्तरात नाही.

याची दुसरी बाजू ब्रागाला पाहायला मिळते. पोर्तुगालमधल्या या गावच्या ग्रंथालयात सोळाव्या शतकातल्या काही वह्या आहेत. त्यांत रामायण-महाभारतातल्या कथा आहेत, कोकणी आणि मराठीत, पण रोमन लिपीत. ज्यांना या कथा मोडून काढायच्या होत्या त्या पाद्र्यांनीच भाषा शिकण्यासाठी त्या उतरवून घेतल्या. इथलं पुष्कळ काही जळलं आणि त्या वह्या राहिल्या. कैद्याचा आवाज तुरुंगाच्या भिंतीत साठून राहावा, तसं हे आहे. ही कल्पना जशीच्या तशी घेऊन कुणी कथा रचली तर ती फॅन्टसी होईल, आणि तरीही ती खोटी असणार नाही.

कागदाला पडलेलं भोक कल्पनेनं बुजवण्याचा हक्क फॅन्टसी उघडपणे मागते. 'असंच घडलं' असा तिचा दावा नसतो. त्यामुळे, आमचं काय काय नेलं, हे ती अधिक मोकळेपणानं विचारू शकते.

पण फॅन्टसी हा प्रकारच पाश्चात्त्यांचा ना?

नाही. मराठीतल्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांत अद्भुतरम्य गोष्टीच पुष्कळ. 'मुक्तामाला' १८६१ ची. पुढे नाथमाधवांच्या 'वीरधवल'नं कित्येक पिढ्यांना रात्र रात्र जागवलं. पण तेवढ्याही मागे जायची गरज नाही. गोव्यातल्या कुठल्याही गावात राखणदार आहे. रात्री हातात काठी घेऊन वेशीवरून फिरणारा देवचार आहे. वारुळाच्या रूपातली सातेरी देवी आहे. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीच्या वेतोबाला लोक मोठाल्या चामडी वहाणा वाहतात, कारण तो रात्रभर गावाची राखण करत फिरतो आणि त्या झिजतात. झिजलेली वहाण हा पुरावा मानणारा समाज फॅन्टसी बाहेरून कशाला आणील?

आणखी एक गोष्ट. जेत्यांनी इथे येऊन स्वतःची फॅन्टसी आपल्याआधीच लिहून ठेवली आहे. पोर्तुगीज कवी कामोंइश १५५३ ला गोव्यात आला आणि त्याचं 'लुझिआदास' हे महाकाव्य १५७२ ला छापलं गेलं. वास्को द गामाची सफर हा त्याचा विषय, पण त्यात देव उतरतात: व्हीनस पोर्तुगिजांच्या बाजूनं, बाकस विरोधात. बाकसचा राग कशाचा? पूर्वेत आपली जी कीर्ती आहे ती हे लोक पुसून टाकतील, याचा. आफ्रिकेच्या टोकाला आदामास्तोर नावाचा राक्षस उभा राहतो आणि पुढे बुडणाऱ्या जहाजांची भाकितं करतो. तो राक्षस म्हणजे ते भूशिर, ते वादळ. तिथे राहणारी माणसं मात्र कथेच्या काठावरच उरतात. साम्राज्याला आपली मोहीम देवांच्या भांडणाएवढी मोठी दाखवायची असते. मग त्याच साधनानं काठावरच्या माणसाला मध्यभागी आणायला आपली हरकत का असावी?

परकी सत्ता म्हणजे एक काळा जादूगार आणि त्याची राक्षसी सेना, असं दाखवलं तर?

आमच्याकडे येणाऱ्या दहांतली सात हस्तलिखितं इथेच घसरतात. जादूगार मेला की सगळं संपतं. गोवं जिंकणारा अफोंस द अल्बुकेर्क १५१५ ला मेला. सत्ता १९६१ पर्यंत राहिली. एका माणसाच्या दुष्टपणावर साडेचारशे वर्षं राज्य चालत नाही.

मग कशावर चालतं? कागदावर. पोर्तुगिजांचं कार्ताज घ्या. हिंदी महासागरात कुणाचंही जहाज जायचं असेल तर त्यांचा परवाना हवा. परवाना नसेल तर जहाज जप्त. शतकानुशतकं ज्या वाटेनं गुजराती, मलबारी, अरब तांडेल जा-ये करत होते, त्या वाटेवर एके दिवशी कुणीतरी येऊन म्हणतो, की समुद्र माझा आहे, चिठ्ठी दाखव. समुद्रावर शिक्का मारणारी माणसं! यापेक्षा मोठी जादू मी कुठल्या कादंबरीत वाचलेली नाही.

दुसरं, १५२६ चा फोराल. गावकरीचे म्हणजे गावाच्या सामायिक जमिनीचे रिवाज त्यात नोंदवले गेले. वाचताना वाटतं, चांगलं केलं, रिवाज मान्य केले. पण तोंडी चालणारा, गरजेप्रमाणे वाकणारा रिवाज एकदा जेत्याच्या वहीत गेला की त्याचा अर्थ लावायचा हक्कही वहीवाल्याकडे जातो. पुढे गावकरीचं कोमुनिदाद झालं. नाव बदललं आणि हळूहळू मालकही.

तिसरं, भाषा. १६८४ च्या फर्मानानं लोकांना कोकणी सोडून पोर्तुगीज बोलण्यासाठी तीन वर्षांची मुदत दिली. चौथं, स्वयंपाकघर. १७३६ ला इन्क्विझिशननं जो हुकूम काढला त्यात बाटलेल्यांनी काय काय करू नये याची यादी आहे: दारात तुळस लावू नये, धोतर-चोळी नेसू नये, आणि मीठ न घालता भात शिजवू नये. का, तर हिंदू तसा शिजवतात म्हणून. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पान उलटवलं नाही. भाताचं भांडं उघडून चव घेणारी सत्ता! तिला शिंगं आणि काळा झगा दिला तर ती उलट लहान होते.

तुमच्या कथेत सेनापती असू दे, पण त्याच्यामागे कारकून हवा. गावाची नवी नावं लिहिणारा, मुलांची नवी नावं लिहिणारा. तो स्वभावानं चांगला असला तर आणखी उत्तम.

आपली माणसं मग सगळी निर्दोष दाखवायची का?

तसं केलंत तर ती माणसं उरणार नाहीत. १५१० ला गोवं घ्यायला अल्बुकेर्कला तिमोजानं मदत केली, आणि तिमोजा इथल्याच किनाऱ्यावरचा. ज्यांच्याकडून गोवं घेतलं ती विजापूरची आदिलशाहीही बाहेरून येऊनच बसलेली होती. त्यामुळे 'एक सत्ता गेली, दुसरी आली, कर तेवढाच' असं म्हणणारा शेतकरी तुमच्या कथेत असायला हवा. तिमोजाला गद्दार म्हणून दोन ओळींत उरकू नका. त्याला काय हवं होतं, त्यानं काय हिशेब मांडला आणि तो कुठे चुकला, यावर एक आख्खी कादंबरी उभी राहील.

जातीचाही विचार करा. गावकरीत वाटा असलेला आणि नसलेला, दोघांना नव्या सत्तेचा अर्थ वेगवेगळा लागणार. आणि गोव्याच्या बाजारात आफ्रिकेतून आणलेले गुलाम विकले जात, हे विसरू नका. आपल्या बहुतेक फॅन्टसींत ती माणसं कुठेच दिसत नाहीत.

जादू कुणाकडे असावी? आणि तिचे नियम कसे ठरवायचे?

जादूचे नियम म्हणजे मालकीचे नियम. ती कुठून येते, कोण तिची राखण करतं, ती नेता येते का, नेली तर मागे काय उरतं, एवढं ठरलं की वसाहतवाद आपोआप कथेत शिरतो.

मी नेहमी खाजनाचं उदाहरण देतो. मांडवी-जुवारीच्या काठची ही शेतं भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहेत. चिखल, पेंढा, चिरे घालून बांध घातलेले, आणि बांधाला मानस, म्हणजे लाकडी दारं. भरती चढली की पाण्याच्या दाबानं दार आपसूक मिटतं, ओहोटीला उघडतं. समुद्राच्या ताकदीनंच समुद्राला अडवायचं. आत पावसाळ्यात कोरगूट भात होतो, खारं पाणी सोसणारा, आणि मानशीच्या तोंडाशी मासळी मिळते. पण हे सगळं चालतं ते गावानं मिळून बांध सांभाळला तर. बांध फुटला की अख्खा गाव धावायचा, कारण खारं पाणी एकदा आत शिरलं की शेत कित्येक हंगाम हातचं जातं.

आता याचीच जादू करा. समजा तुमच्या जगात भरती-ओहोटी ऐकू येणारी काही घराणी आहेत आणि त्यांचं ऐकणं गावानं बांध राखण्यावर टिकून आहे. परके येतात. त्यांना ऐकणारी माणसं जहाजांवर हवी आहेत, कारण वादळ आधी कळतं. ते माणसं घेऊन जातात, चांगला पगारही देतात. गावात बांध राखायला हात उरत नाहीत. बांध खचतो. जहाजावरच्या माणसाला ऐकू येणं बंद होतं. इथे कुणीही तलवार काढलेली नाही. हे मी बैठकीत सांगितलं तेव्हा एका मुलीनं विचारलं, "मग त्या माणसाला घरी परत घेतात का?" तिची कादंबरी त्या प्रश्नातून सुरू झाली.

देव नदीपार गेले हा प्रसंग वापरावा का? श्रद्धा दुखावणार नाही ना?

वापरावा, पण आदर ठेवून. हा प्रसंग काही आपल्यापैकी एकट्याच्या मालकीचा नाही.

सोळाव्या शतकात तिसवाडी, बार्देस आणि साष्टीतली देवळं पाडली गेली, तेव्हा भक्तांनी देव उचलून नदीपलीकडे नेले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. रायची कामाक्षी शिरोड्याला आणि लोटलीचा रामनाथ बांदिवड्याला. दिवाडीच्या सप्तकोटेश्वराला नार्व्याला आसरा मिळाला आणि १६६८ ला शिवाजी महाराजांनी त्याचं देऊळ बांधवलं. अंत्रुज महाल, म्हणजे फोंड्याचा परिसर, पोर्तुगिजांकडे आला तो थेट अठराव्या शतकात, नव्या काबिजादीबरोबर. म्हणून तोवर देव तिथे सुरक्षित राहिले. माझी आजी प्रियोळची. ती हे सांगायची ते एका वाक्यात: "देवाकय घर सोडचें पडलें." तिच्या आवाजात देवाबद्दल तक्रार नसायची, कणव असायची. देवाची कणव येणं! फॅन्टसी लिहिताना मला हा सूर सगळ्यात मोलाचा वाटतो. तुमच्या कथेतला देव सर्वशक्तिमान नसू दे. तो होडीत भिजू दे. नव्या गावच्या मूळ देवतेपुढे पाहुणा म्हणून बसताना तो अवघडू दे. आधीची देवता त्याला काय म्हणाली असेल?

ख्रिस्ती शेजाऱ्यांबद्दल: जे बाटले त्यांची लेकरं-नातवंडं आज आपल्या शेजारी आहेत आणि त्यांची श्रद्धा तेवढीच खरी आहे. त्यांना 'हरलेले' म्हणून लिहू नका. आपल्या लोकांनी ही गाठ सोडवून ठेवली आहे. सात बहिणींच्या कथेत शिरगावची लईराई, मुळगावची केळबाय, मोरजीची मोरजाई या बहिणी. आणि मिराबाय म्हापशाला जाऊन मिलाग्रीस सायबीण, म्हणजे चर्चमधली मेरी माता, झाली. बहीण धर्मापलीकडे गेली तरी बहीणच राहिली. तिच्या फेस्ताला दोन्ही धर्मांची माणसं जातात. एवढ्या मोठ्या जखमेवर इतकी साधी गोष्ट रचणाऱ्या त्या अनाम बायांना मी मनोमन नमस्कार करतो.

बंडाचा प्रसंग कसा लिहावा?

कुंकळ्ळीचं १५८३ चं प्रकरण नीट वाचा. देवळं मोडली म्हणून चिडलेल्या गावकऱ्यांनी कर देणं आधीच नाकारलं होतं. त्या जुलैत नवं चर्च आणि क्रूस उभारायला जागा बघायला आलेल्या पाच जेझुइट पाद्र्यांना त्यांनी मारलं. त्यांच्यातला एक, रुदोल्फो आक्वाव्हिवा, थोड्याच दिवसांपूर्वी अकबराच्या दरबारातून परतला होता. तिथे तो धर्मांवरच्या वादविवादांत बसलेला माणूस. पुढे कुंकळ्ळीच्या पुढाऱ्यांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलणीसाठी बोलावून मारण्यात आलं. या घटनेत प्रत्येकाला आपण बरोबर आहोत असंच वाटत होतं. लिहिताना तुमची बाजू ठाम असू दे, माझीही आहे. पण आक्वाव्हिवालाही त्याचा शेवटचा विचार द्या.

शिवाय सत्तरीच्या राणे घराण्याची बंडं, १७८७ चा पिंटोंचा कट. त्या कटात ख्रिस्ती पाद्रीच पुढे होते, कारण गोमंतकीय म्हणून त्यांना बढती नाकारली जात होती. ज्याला साम्राज्यानं आपलं म्हटलं आणि जेवताना मात्र वेगळ्या पंगतीला बसवलं, त्याचं बंड लिहायला अवघड असतं. ते लिहा.

पात्रांची भाषा कोणती? मराठी, कोकणी, की काही वेगळीच?

निवेदन मराठीत आणि बोलणं कोकणीत चाललं तर गोव्यातल्या वाचकाला काहीच अडत नाही. कोल्हापूरच्या वाचकालाही दोन पानांनंतर अडत नाही. भाषेचा वाद इथे आणू नका; कथेत माणूस घरी जसा बोलेल तसाच बोलू दे.

जेत्यांच्या भाषेतले शब्द मात्र जपून वापरा. पगार, चावी, बटाटा, पाव, बादली, इस्त्री हे सगळे पोर्तुगिजांबरोबर आलेले. तुमच्या कल्पित जगात परके अजून उतरलेच नसतील आणि नायिका कमरेला 'चावी' खोचत असेल, तर तो किल्लीचा जुडगा करा. आणि परके आल्यावर तीस वर्षांनी तिची नात 'चावी' म्हणू दे. एका शब्दात एक पिढी गेलेली दिसेल.

फादर स्टीफन्सही आठवा. इंग्लंडचा हा जेझुइट १५७९ ला गोव्यात आला, मराठी शिकला आणि ओवीत 'ख्रिस्तपुराण' रचलं; ते १६१६ ला राचोलला छापलं गेलं. मराठीची इतकी गोड स्तुती आपल्या कवींनीही क्वचित केली असेल. त्याला धर्मांतरच करायचं होतं आणि त्याचं भाषेवरचं प्रेमही खरं होतं. असं पात्र रचता आलं तर रचा, मला वाचायचं आहे.

पोर्तुगिजांचं नाव घ्यावं की नवं साम्राज्य कल्पावं?

दोन्ही चालतं. नाव घेतलंत तर तारखा आणि तपशील चुकू नयेत. नवं कल्पलंत तर फक्त नावं उलटीसुलटी करून थांबू नका. त्या साम्राज्याला स्वतःची भूक हवी. मिरी हवी, की मीठ, की झोप?

बाहेरचं काय वाचावं?

मोजकंच सांगतो. उर्सुला ले ग्विन यांची १९७२ ची 'द वर्ड फॉर वर्ल्ड इज फॉरेस्ट'. ती विज्ञानकथा आहे, पण जंगल तोडणारे आणि स्वप्नं पाहणारे यांची गाठ तिच्यात अशी पडते, की स्वप्नं पाहणाऱ्यांना हत्या शिकावी लागते. आर. एफ. क्वांग यांची २०२२ ची 'बॅबल' : ऑक्सफर्डमध्ये चांदीच्या विटांवर दोन भाषांतले शब्द कोरतात, आणि भाषांतरात जे निसटतं त्यातून शक्ती येते. भाषा वसाहतींची, चांदी साम्राज्याची. दोन भाषांत जगणाऱ्या आपल्यासारख्यांना ही कल्पना लगेच भिडते; शेवटाकडे मात्र ती मला थोडी जास्तच समजावून सांगणारी वाटली. एन. के. जेमिसिन यांच्या 'ब्रोकन अर्थ' त्रयीला २०१६ पासून सलग तीन वर्षं ह्यूगो पुरस्कार मिळाला. जमीन हलवू शकणाऱ्या माणसांनाच साखळीत ठेवणारं राज्य तिच्यात आहे. खाजनाच्या उदाहरणाशी ते ताडून पाहा.

माहिती कुठे मिळेल?

पणजीत पुराभिलेख खात्याची दप्तरं आहेत. त्या संग्रहाची सुरुवात १५९५ ला पोर्तुगीज इतिहासकार दियोगु द कोउतोनं केली. कृष्णदास शामा ग्रंथालय १८३२ चं. अ. का. प्रियोळकरांचं इन्क्विझिशनवरचं इंग्रजी पुस्तक १९६१ ला आलं, ते वाचाच. आणि चाला. कुठ्ठाळीहून फेरी असायची त्या काठाला उभे राहा, ओहोटीला चिखलाचा वास घ्या, मग प्रियोळला जा. देव किती लांब गेले ते पायांना कळू दे.

शेवट मुक्तीनं करावा का?

तुमच्या कथेला तो शेवट शोभत असेल तर करा. पण १९ डिसेंबर १९६१ नंतर काय झालं तेही पाहा. फिरंगी गेले, देव मात्र परत फिरले नाहीत. मंगेश प्रियोळलाच राहिला, शांतादुर्गा कवळ्यालाच. चारशे वर्षांत तिथल्या तळीत त्यांच्या सावल्या मुरल्या, तिथल्या माणसांच्या लग्नाचे विडे त्यांच्यापुढे ठेवले गेले. अलीकडे वेर्ण्याच्या जुन्या जागी म्हाळशीचं नवं देऊळ उभं राहिलं. म्हार्दोळचं देऊळही आहेच. म्हाळशीला आता दोन घरं आहेत, आणि दोन्हीकडे संध्याकाळी दिवा लागतो.